अफेक्ट की इफेक्ट? ‘परिणाम’ हा शब्द बाजूला ठेवून पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मालवाहतुकीच्या कंपनीत आहात आणि दिवसभर ग्राहकांना इंग्रजीत ईमेल लिहिता. मागच्या आठवड्यात ‘द स्ट्राइक विल नॉट इफेक्ट अवर डिलिव्हरीज’ असं लिहिलंत, तर साहेबांनी खूण करून ‘अफेक्ट’ करायला सांगितलं. तुम्ही घरी जाऊन नियम पाठ केलात: क्रियापद असेल तर ए, नाम असेल तर ई. दोन दिवसांनी तोच नियम पाळून ‘वुइ विल अफेक्ट द ट्रान्सफर बाय फ्रायडे’ असं लिहिलंत, तर साहेबांनी तेही परत पाठवलं. या वेळी ‘इफेक्ट’ हवं म्हणाले. आता तुम्ही विचारताय, नियम चुकीचा की साहेब?

साहेब दोन्ही वेळा बरोबर होते. तुमचा नियमही बहुतेक वेळा बरोबर असतो, फक्त तो अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग कोणी सांगत नाही म्हणून हा प्रश्न वर्षानुवर्षं तसाच राहतो. मी जवळजवळ तीस वर्षं इंग्रजी-मराठी अनुवाद करते. करारनामे, कोर्टाचे कागद, विम्याच्या पॉलिसी, दवाखान्याचे केसपेपर असं सगळं हातातून जातं. इंग्रजी उत्तम येणाऱ्या माणसांनासुद्धा या एका अक्षराशी अडखळताना मी पाहिलंय, आणि त्याचं कारण आपल्या मराठीत दडलेलं आहे असं माझं पक्कं मत आहे. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आधी स्पेलिंग एकदा नजरेखाली घालू. ए, एफ, एफ, ई, सी, टी म्हणजे अफेक्ट. ई, एफ, एफ, ई, सी, टी म्हणजे इफेक्ट. सहापैकी पाच अक्षरं तीच. बोलताना जोर ‘फे’वर येतो आणि पहिला स्वर गिळला जातो, त्यामुळे इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्याही कानाला फरक जेमतेम कळतो. आपल्याकडे तर दोन्ही शब्द सरसकट ‘इफेक्ट’ असेच उच्चारले जातात. म्हणजे कान इथे उपयोगाचा नाही. काम अर्थावरूनच व्हायला हवं.

आता आपली अडचण कुठे आहे ते पाहा. ‘पावसाचा पिकावर परिणाम झाला’ हे वाक्य घ्या. इंग्रजीत ते दोन तऱ्हांनी सांगता येतं. ‘द रेन अफेक्टेड द क्रॉप’ किंवा ‘द रेन हॅड ॲन इफेक्ट ऑन द क्रॉप’. आपल्याकडे दोन्हींसाठी एकच साचा: परिणाम होणे, परिणाम करणे. ‘परिणाम’ हे नाम, आणि क्रियापदाचं ओझं ‘होणे’ किंवा ‘करणे’ वाहतं. शाळेत आपण अफेक्ट म्हणजे परिणाम करणे आणि इफेक्ट म्हणजे परिणाम असं पाठ केलेलं असतं. लिहिताना मनात ‘परिणाम’ आला की दोन्ही इंग्रजी शब्द एकदमच हात वर करतात, आणि मग आपण अंदाजाने एकाला उभं करतो.

याच साच्यातून दुसरी एक चूक येते, आणि ती अस्सल मराठी चूक आहे. ‘स्मोकिंग अफेक्ट्स ऑन लंग्ज.’ ‘धिस विल अफेक्ट ऑन अवर बिझनेस.’ हा ‘ऑन’ कुठून आला? ‘फुप्फुसांवर’, ‘धंद्यावर’ यातला ‘वर’ आहे तो. परिणाम नेहमी कशा‘वर’ तरी होतो, म्हणून हात आपोआप ‘ऑन’ लिहितो. पण इंग्रजीतल्या अफेक्टला तो लागत नाही. तो थेट कर्मालाच जाऊन भिडतो: अफेक्ट्स द लंग्ज, अफेक्ट अवर बिझनेस. ‘ऑन’ हवा असतो तो इफेक्टला: द इफेक्ट ऑफ स्मोकिंग ऑन द लंग्ज. हे एकदा लक्षात आलं की ‘ऑन’ हा तुमचा साक्षीदार होतो. ज्याच्यावर प्रभाव पडला ते ‘ऑन’नंतर येत असेल, तर आधीचा शब्द ई-वालाच हवा. ‘फ्लाइट्स अफेक्टेड ऑन मंडे’ यातला ‘ऑन’ वाराचा आहे, त्याचा इथे संबंध नाही. हा अपवाद एवढ्यासाठी सांगितला की कोणी तुमच्यासमोर तो आणून ठेवला तर गोंधळू नका.

माझा सल्ला असा की या दोन शब्दांपुरता ‘परिणाम’ मनातून काढून टाका आणि त्यांना वेगवेगळी मराठी क्रियापदं द्या. आपल्याकडे ती आहेत, आणि सुरेख आहेत.

अफेक्टसाठी ‘बाधणे’. ऊन बाधलं, थंडी बाधली, कुणाची नजर बाधली, जास्त आंबे खाल्ले ते बाधले. इथे आपण ‘उन्हाचा माझ्यावर परिणाम झाला’ असं म्हणत नाही. ऊन थेट आपल्याला बाधतं. ‘द हीट अफेक्टेड मी’ची वाक्यरचना अगदी हीच आहे, मध्ये ‘वर’ नाही की ‘ऑन’ नाही. झळ बसणे, फटका बसणे, मनाला लागणे हे सगळे याच घरातले. बाधणे नेहमी वाईट अर्थाचं असतं आणि अफेक्ट तसं असेलच असं नाही, म्हणून जिथे बरं-वाईट ठरलेलं नाही तिथे ‘फरक पडणे’ घालून पाहा. ‘इट डझन्ट अफेक्ट मी’ म्हणजे ‘मला काही फरक पडत नाही’. अगदी चपखल बसतं.

इफेक्ट क्रियापद म्हणून येतो तेव्हा त्यासाठी ‘घडवून आणणे’, ‘पार पाडणे’, ‘तडीस नेणे’. ‘टु इफेक्ट अ चेंज’ म्हणजे बदल घडवून आणणे. ‘टु इफेक्ट पेमेंट’ म्हणजे पैसे अदा करणे. ‘टु इफेक्ट सर्व्हिस ऑफ समन्स’ म्हणजे समन्स बजावणे. कोर्टातल्या बेलिफाला विचारा, ‘बजावणे’ हा शब्द त्याच्या ओठांवर असतो. समन्सवर परिणाम करायला तो निघालेला नसतो.

आणि इफेक्ट नाम असेल तेव्हा, हवं तर, ‘परिणाम’ परत घ्या. तिथे तो आपल्या जागी आहे. हा शब्द ‘परि’ आणि ‘नम्’ यांपासून झालाय, नम् म्हणजे वाकणे, वळणे. एक वस्तू वळून दुसऱ्या रूपात येते तो परिणाम. सांख्य विचारात याचं ठरलेलं उदाहरण आहे दुधाचं दही. दही हा दुधाचा परिणाम, म्हणजे त्यातून जे निघालं ते. इंग्रजीतला नाम-इफेक्ट हेच सांगतो. कारणातून जे बाहेर आलं ते. म्हणून तर आपण ‘कॉज अँड इफेक्ट’ला ‘कार्यकारणभाव’ म्हणतो. त्यात कारण आधी आणि कार्य म्हणजे त्याचं फळ.

लॅटिन मुळांकडे पाहिलं तर हे आणखी उघड होतं, आणि माझ्या मते हाच या प्रश्नाचा गाभा आहे. दोन्ही शब्दांत ‘करणे’ या अर्थाचा एकच धातू आहे. फरक उपसर्गाचा. अफेक्टमधला ‘ॲड’ म्हणजे ‘कडे’, एखाद्या गोष्टीकडे जाऊन तिला काहीतरी करणं. इफेक्टमधला ‘एक्स’ म्हणजे ‘बाहेर’, करून बाहेर काढणं, पुरं करणं. म्हणजे अफेक्टला आधीपासून अस्तित्वात असलेलं काहीतरी लागतं, ज्याच्यापर्यंत जाऊन पोचायचं. इफेक्टमध्ये जे आधी नव्हतं ते अस्तित्वात येतं.

म्हणून क्रियापद असेल आणि ए की ई ठरत नसेल, तर कर्माकडे बोट ठेवून एकच प्रश्न विचारा: ही गोष्ट आधीपासून होती का? डिलिव्हरी आधीपासून ठरलेल्या, चाललेल्या होत्या. संप त्यांना बाधणार की नाही एवढाच मुद्दा. म्हणून अफेक्ट. ट्रान्सफर अजून झालेली नाही. शुक्रवारपर्यंत तुम्ही ती करणार आहात. तुमच्या करण्यानेच ती अस्तित्वात येणार. म्हणून इफेक्ट. ‘वुइ विल अफेक्ट द ट्रान्सफर बाय फ्रायडे’ असं वाचून ग्राहकाला वाटेल, शुक्रवारपर्यंत हे लोक आमच्या पैशांत काहीतरी खोडा घालणार. साहेबांनी ते परत पाठवलं ते बरोबरच केलं.

हा प्रश्न मला कोणी शिकवला नाही, चुकून शिकावा लागला. अनुवाद करायला लागले त्या पहिल्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. भावाभावांच्या जमिनीच्या वादातला एक कागद होता आणि त्यात ‘टु इफेक्ट अ सेटलमेंट’ असे शब्द होते. मी लिहिलं, ‘तडजोडीवर परिणाम करण्यासाठी’. ज्येष्ठ वकिलांनी मसुदा वाचला, पेन्सिल खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले, ‘तडजोड झालीय का अजून?’ मी म्हटलं, नाही. ‘मग परिणाम कशावर करणार?’ तिथे ‘तडजोड घडवून आणण्यासाठी’ हवं होतं. एकाने समेटासाठी पुढे केलेला हात माझ्या वाक्यात समेट बिघडवायला निघालेला दिसत होता, आणि ते कागद दुसऱ्या भावाकडे जायचे होते. तो दिवस मी विसरलेले नाही. ‘आहे का अजून?’ हा त्यांचा प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक वेळी विचारते.

अशीच गफलत उलट दिशेनेही होते. पुनर्विकासाचे करारनामे हल्ली पुष्कळ येतात. एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी मसुदा दाखवायला आणला होता. त्यात कलम होतं, ‘नथिंग हिअरइन शाल इफेक्ट द राइट्स ऑफ द एक्झिस्टिंग मेंबर्स’. म्हणायचं होतं की सभासदांच्या हक्कांना बाधा येणार नाही. लिहिलं गेलं ते शब्दशः असं की या करारातून सभासदांचे हक्क निर्माण होणार नाहीत. वाचणारा संदर्भाने समजून घेईलही, पण ज्या कागदावर लोक आपली घरं रिकामी करून देणार, त्यात समजून घ्यायची वेळ का यावी? एक अक्षर बदललं आणि कलम सरळ झालं. स्पेलचेकरने तिथे लाल रेघ मारली नव्हती, मारणारही नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत.

आता इफेक्टच्या अनेकवचनाबद्दल सांगते, कारण तिथे चूक झाली तर ती नुसती भाषेची राहत नाही. रत्नागिरीकडचा एक तरुण खलाशी बोटीवर असताना गेला. कंपनीकडून घरी कागद आले, सगळे इंग्रजीत. घरच्यांनी कोणाकडून तरी ते मराठीत करून घेतले आणि काही महिन्यांनी विम्याच्या कामासाठी ते माझ्याकडे आले. एका पानावर ठळक मथळा होता: ‘मृताचे वैयक्तिक परिणाम’. त्याखाली यादी. एक मनगटी घड्याळ. दोन जीन्स. मोबाइल आणि चार्जर. स्टीलचा एक डबा. देवीचा लॅमिनेट केलेला छोटा फोटो. एक वही, निम्मी लिहिलेली. वडील समोर बसले होते. त्यांनी त्या मथळ्यावर बोट ठेवून मला विचारलं, ‘त्याच्या अंगावर कसले परिणाम दिसले होते हो? काही विषबाधा वगैरे?’ इतके महिने ते हा प्रश्न मनात घेऊन होते.

मूळ कागदावर ‘पर्सनल इफेक्ट्स’ असं होतं. म्हणजे चीजवस्तू. माणसाच्या जवळ असलेल्या, अंगावरच्या, पेटीतल्या वस्तू. बस एवढंच. मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ त्या यादीकडे पाहत राहिले.

हा अर्थ आला कुठून, असं तुम्हाला वाटेल. प्रयत्नातून, व्यवहारातून जे हाती आलं ते इफेक्ट्स, असा तो प्रवास आहे. आपल्याकडे ‘मिळणे’पासून ‘मिळकत’ झाली आणि मिळकत म्हणजे मालमत्ता असा अर्थ रुळला, तसाच. अमेरिकेच्या राज्यघटनेची चौथी दुरुस्ती १७९१ची. तिने नागरिकांना विनाकारण झडतीपासून संरक्षण दिलंय ते त्यांची शरीरं, घरं, कागदपत्रं ‘अँड इफेक्ट्स’ यांना. तिथेही इफेक्ट्स म्हणजे चीजवस्तूच. या अर्थाने शब्द नेहमी अनेकवचनात येतो, आणि आधी बहुतेक ‘पर्सनल’ किंवा ‘हाउसहोल्ड’ असतं. एवढी खूण पुरते.

सरकारी आणि ऑफिसच्या पत्रव्यवहारात इफेक्टच्या आणखी काही ठरलेल्या जोड्या आहेत. आपली प्रशासकीय मराठी त्या बाबतीत फार चोख आहे, प्रत्येक जोडीला तिचा वेगळा शब्द आहे. ‘विथ इफेक्ट फ्रॉम’, ज्याचं संक्षिप्त रूप डब्ल्यू-ई-एफ असं आदेशांत दिसतं, त्याला मराठीत नुसतं ‘पासून’ पुरतं: दिनांक १ एप्रिलपासून. ‘विथ रेट्रॉस्पेक्टिव्ह इफेक्ट’ म्हणजे ‘पूर्वलक्षी प्रभावाने’. वेतन आयोगाच्या थकबाकीच्या निमित्ताने हा शब्द घरोघरी पोचलाय. ‘टु गिव्ह इफेक्ट टु’ म्हणजे अंमलबजावणी करणे. ‘अ लेटर टु धिस इफेक्ट’ म्हणजे ‘या आशयाचे पत्र’. हे शेवटचं ‘या परिणामाचे पत्र’ असं केलेलं मी पाहिलंय, आणि वाचणाऱ्याला त्यातून काही म्हणजे काही कळत नाही. या सगळ्या जोड्या ई-वाल्या आहेत. ए-वाला यांत कुठेही येत नाही, त्यामुळे इथे विचार करत बसायचं कारण नाही. तुमच्या ईमेलमध्ये ‘रिव्हाइज्ड रेट्स विथ अफेक्ट फ्रॉम’ असं कधी गेलं असेल तर आजच टेम्प्लेट दुरुस्त करा. विशेषण करतानाही ‘इफेक्टिव्ह फ्रॉम’ असंच. ‘अफेक्टिव्ह’ असा शब्द आहे, पण तो भावनांशी संबंधित, मानसशास्त्रातला.

विज्ञानात शोध लागलेल्या घटनांची नावंही सगळी ई-वाली. रामन इफेक्ट, डॉप्लर इफेक्ट, ग्रीनहाउस इफेक्ट. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना रामन परिणाम, डॉप्लर परिणाम, हरितगृह परिणाम म्हणतात. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली लावलेल्या याच शोधाचा. दरवर्षी त्या सुमारास शाळांच्या फलकांवर ‘रामन अफेक्ट’ असं वाचलं की मला वाईट वाटतं. मुलं ते रोज जाता-येता पाहतात आणि तसंच डोक्यात बसतं.

अफेक्टची बाजू जरा वेगळ्या कारणासाठी श्रीमंत आहे. त्यातलं ‘अफेक्टेड’ हे रूप आपल्या सार्वजनिक आयुष्यात फार येतं. प्रोजेक्ट अफेक्टेड पर्सन, फ्लड अफेक्टेड, ड्रॉट अफेक्टेड एरिया. मराठीने इथे दोन प्रत्यय वापरलेत, ‘ग्रस्त’ आणि ‘बाधित’. महाराष्ट्राच्या १९९९च्या पुनर्वसन अधिनियमाच्या नावात ‘प्रकल्पबाधित व्यक्ती’ आहेत. पण धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली ते लोक स्वतःला प्रकल्पग्रस्त म्हणतात, मोर्चाच्या फलकावरही तोच शब्द असतो. ग्रस् म्हणजे गिळणे. ग्रहणात चंद्र ग्रस्त होतो तो याच धातूने. कोयनेच्या शिवसागरात ज्याचं घर-शिवार गेलं त्याच्यासाठी ‘बाधित’ थिटा पडतो, ‘ग्रस्त’ खरा आहे. इंग्रजी ‘अफेक्टेड’ला ही छटा नाही. त्यात थोडा फरक पडलेलाही येतो आणि सर्वस्व गेलेलाही येतो. म्हणून मराठीतून इंग्रजीत जाताना ‘पूरग्रस्त’ला नुसतं ‘अफेक्टेड’ लिहून मी थांबत नाही. नुकसान किती ते शक्य असेल तर पुढच्या वाक्यात स्पष्ट करते.

‘अफेक्टेड’चा दुसरा एक अर्थही आहे. ‘ॲन अफेक्टेड ॲक्सेंट’ म्हणजे ओढूनताणून आणलेला उच्चार. ‘ही अफेक्टेड इग्नोरन्स’ म्हणजे माहीत नसल्याचा आव आणला. आपलं ‘आव आणणे’ इथे नेमकं बसतं. ऑफिसच्या ईमेलमध्ये हा क्वचितच लागेल, कथा-कादंबरी वाचताना भेटेल.

राहिला तो तुमच्या पाठ केलेल्या नियमाचा दुसरा अपवाद: ए-वाला, पण नाम. हा मानसोपचारात येतो आणि इथे उच्चारही बदलतो. जोर पहिल्या अक्षरावर जातो, ‘ॲफेक्ट’. मनोविकारतज्ज्ञाच्या केसपेपरवर ‘मूड’ आणि ‘ॲफेक्ट’ अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. मूड म्हणजे रुग्णाच्या मनाची बराच काळ टिकणारी अवस्था, ती बहुतेक त्याच्याच शब्दांत नोंदवतात. ॲफेक्ट म्हणजे त्या भेटीत त्याच्या चेहऱ्यावर, आवाजात, हालचालीत डॉक्टरांना जे भाव दिसले ते. ‘फ्लॅट ॲफेक्ट’ म्हणजे चेहऱ्यावर भाव उमटतच नाहीत. ‘ब्लंटेड’ म्हणजे उमटतात, पण बोथटलेले. ‘औषधाचा परिणाम नाही’ असा त्याचा अर्थ मुळीच नाही. एका बाईंनी मात्र आपल्या मुलाच्या केसपेपरवरच्या ‘फ्लॅट ॲफेक्ट’चा तसाच अर्थ लावून, गोळ्या लागू पडत नाहीत म्हणून त्या थांबवायचा विचार चालवला होता. नशिबाने त्यांनी आधी विचारलं. ‘बायपोलर ॲफेक्टिव्ह डिसऑर्डर’ या निदानातला ॲफेक्टिव्हही हाच. घरातल्या कुणाचे असे कागद हातात आले तर अर्थ स्वतः लावू नका, डॉक्टरांनाच विचारा.

आता रोजच्या कामासाठी. मी मसुदा पुरा झाला की शोध-खिडकीत एफ-एफ-ई-सी-टी एवढीच पाच अक्षरं टाकते. दोन्ही शब्द, त्यांची सगळी रूपं, एकामागून एक समोर येतात आणि प्रत्येकापाशी मी थांबते. आधी शेजारपाजार पाहते. मागे ‘ॲन’, ‘द’, ‘नो’, ‘एनी’ यांतलं काही किंवा एखादं विशेषण, किंवा पुढे ‘ऑन’ असेल तर नाम, म्हणजे ई. करारांत ‘ॲडव्हर्स इफेक्ट’ आणि ‘ॲडव्हर्सली अफेक्ट’ हे दोघे शेजारी-शेजारी राहतात. त्यांना ओळखायची खूण म्हणजे ‘ली’. ‘ली’ लागलेला शब्द मागे असेल तर पुढे क्रियापद, आणि ते बहुतेक अफेक्टच. नुसता ‘ॲडव्हर्स’ असेल तर इफेक्ट. क्रियापद आहे असं ठरलं की मग कर्माला विचारायचं, तू आधीपासून होतास का? होता, तर त्याला बाधा आली किंवा फरक पडला: ए. नव्हता, आता घडवला जातोय: ई. बेंगळुरूला किंवा दुबईला बसून काम करणारे माझे विद्यार्थी सांगतात की महिनाभर हे केलं की मग शोधावं लागत नाही, लिहितानाच हात थांबतो.

क्रियापद म्हणून इफेक्ट वापरायचा आत्मविश्वास अजून नसेल तर तो टाळायलाही हरकत नाही. ‘वुइ विल कम्प्लीट द ट्रान्सफर’ म्हटलं तरी काम होतं, आणि साध्या ईमेलमध्ये ते जास्त चांगलं वाचलंही जातं. मी स्वतः ग्राहकांना लिहिताना तसंच लिहिते. इफेक्ट क्रियापद लागतं ते कराराच्या, कोर्टाच्या, बँकेच्या भाषेत. पण तुमच्याकडे बँकेची पत्रं येतात म्हणता, तेव्हा वाचताना ते ओळखता यायलाच हवं. ‘पेमेंट हॅज बीन इफेक्टेड’ असं बँकेने कळवलं तर पैसे गेले, पोचतील. ‘पेमेंट हॅज बीन अफेक्टेड’ असं असेल तर काहीतरी अडलंय, लगेच फोन करा. असं पत्र हातात आलं आणि शंका वाटली तर संकोच न करता विचारून घ्या, कारण लिहिणाराही चुकलेला असू शकतो.

तुमची दोन वाक्यं आता अशी होतील. ‘द स्ट्राइक विल नॉट अफेक्ट अवर डिलिव्हरीज.’ ‘वुइ विल इफेक्ट द ट्रान्सफर बाय फ्रायडे.’ आणि पहिलं वाक्य नामाने लिहायचं असेल तर ‘द स्ट्राइक विल हॅव नो इफेक्ट ऑन अवर डिलिव्हरीज’. या तिसऱ्यात ‘नो’ही आहे आणि ‘ऑन’ही आहे, तेव्हा ई-शिवाय दुसरं काही बसणारच नाही.